तिरकी खुर्ची

चष्म्याच्या दुकानात माणसं येतात डोळे तपासून घ्यायला, पण खुर्चीत बसली रे बसली की त्यांना परीक्षेला बसल्यासारखं वाटायला लागतं. पाटीवरची अक्षरं खाली खाली बारीक होत जातात, आणि दिसेनाशी झाली तरी कबूल करायचं त्यांच्या जिवावर येतं. टाय लावून आलेले भले गृहस्थ बेधडक अंदाज ठोकतात आणि वर पहिला नंबर आल्यासारखे हसतात. तिथे डोळे तपासणाऱ्या, दोन बहिणींतल्या धाकटीला याचा कधी राग आला नाही. ती शांतपणे म्हणायची, "छान. आता तीच ओळ पुन्हा वाचा बरं." ज्याला खरंच दिसतं तो दोन्ही वेळा तेच वाचतो. ज्याने ठोकून दिलेलं असतं त्याचं दुसऱ्या खेपेला काहीतरी भलतंच निघतं, कारण आपण मघाशी काय ठोकलं होतं ते त्याच्या लक्षात राहत नाही. ही युक्ती तिने एकदा जेवताना घरी सांगितली, तेव्हा आई पोट धरून हसली होती.

आईला हसायला आणखी एक कारण होतं, ते पुढे कळलं. धाकटी हे काम शिकत होती तेव्हा पाटीवरच्या सगळ्या ओळी घरभर घोकत हिंडायची. केस विंचरताना, मटार सोलताना, चादरी झटकताना. आई ऐकत होती. मग दर वर्षी मुलगी तिला हौसेने दुकानात न्यायची आणि आई खुर्चीत ताठ बसून वरपासून खालपर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवायची. पुन्हा वाच म्हटलं तरी तेच. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीच्याच डोळ्यांत तिच्या आईने अशी वर्षानुवर्षं धूळ फेकली, आणि अक्षरं इतकी चोख येतात म्हटल्यावर पुढचं तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आई कपाच्या शेजारी चहा ओतायला लागली तेव्हा कुठे हा प्रकार उघडकीला आला.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला तो गेला, कडा मात्र शाबूत राहतील. जाता जाता ते म्हणाले, "जरा लवकर आणायला हवं होतं." त्यांनी ते सहज म्हटलं असेल. धाकटीच्या मनात मात्र ते वाक्य जे घुसलं ते काही केल्या निघेना. ती आईवर चिडली नाही, स्वतःवर चिडली, आणि त्या दिवसापासून आईचा हात जणू तिच्या हाताला शिवल्यासारखा झाला.

घरात त्यानंतर एकच मोठा बदल झाला. टीव्हीसमोरची आईची खुर्ची तिरकी झाली. समोर पाहिलं की आईला फक्त धुकं दिसायचं, मऊ आणि राखाडी, आणि त्या धुक्याच्या काठाकाठाने जग चालू असायचं. म्हणून टीव्ही पाहायचा तर ती भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणाचा चेहरा पाहायचा असला तरी तसंच, तोंड फिरवून. नवख्या माणसाला ते लागायचं. तो बोलतोय आणि ही बाई खुशाल खिडकीकडे बघतेय म्हणून तो हिरमुसून गप्प व्हायचा, आणि मग धाकटीला समजावून सांगावं लागायचं की आईने तोंड फिरवलं म्हणजेच ती आता नीट बघतेय.

संध्याकाळी दुकान बंद करून धाकटी घरी आली की कोरियन मालिका लागायची. सगळं शहरच त्या मालिकेने झपाटलेलं होतं. दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं डोळे लाल का झालेत ते सांगताना ओशाळायची. एका बेटावर आईबरोबर बोटीची तिकिटं विकणारी मुलगी, तिची गुडघ्यांनी अधू झालेली आई, आणि शहरातून पक्षी मोजायला आलेला एक उंच, अबोल तरुण, एवढीच गोष्ट. भाषांतराची अक्षरं पडद्याच्या तळाशी यायची आणि भराभर पुसली जायची. धाकटी ती मोठ्याने वाचायची. खोलीत दिवा लावलेला नसायचा. पडद्यावर बर्फ पडायला लागला की त्याचा निळसर उजेड भिंतीवर, कपाटावर, आईच्या गालावर हलत राहायचा, आणि आई भिंतीकडे बघत मंद हसायची. तिला म्हणे पडद्यापेक्षा भिंतीवरचा बर्फ जास्त आवडायचा.

तिसरी प्रेक्षक म्हणजे आत्या, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी वडिलांची बहीण. वडील गेल्यापासून ती दिवसातून दहादा जिना उतरायची. मालिका तिला बिलकूल आवडत नसे आणि तिने एकही भाग चुकवला नव्हता.

"हा माणूस आहे की कोट अडकवायची खुंटी?" ती विचारायची. "एवढा लांब कोट, आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ. केस बघ डोळ्यांवर. त्याला समोरची पोरगी तरी दिसते का?"

"आवाज चांगला आहे हो त्याचा, वन्सं," आई म्हणायची. "आवाजात घाई नाही."

"बोलतच नाही तर घाई कुठून असणार?"

धाकटीचं स्वतःचं काय, तर तिचं घोडं मध्येच कुठेतरी पेंड खात होतं. मालिका खोटी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिथे बर्फसुद्धा नेमका हव्या त्या क्षणी पडतो. तिथल्या आईचा फक्त गुडघा दुखतो, बाकी बाई ठणठणीत, शेजारणी हाकेला चार, घर आरशासारखं लख्ख. अशी आई असल्यावर कुणालाही प्रेमात पडता येईल, असं ती मनात म्हणायची आणि त्या मुलीचा तिला चक्क हेवा वाटायचा. मग दुसऱ्या दिवशी दुकानात काचा पुसताना मालिकेचं गाणं तिच्याच ओठांवर यायचं, आणि ती स्वतःवरच डाफरायची.

वाचताना ती थोडी कापाकापीही करायची. नको तितक्या जवळीकीचा प्रसंग आला की ती गप्प बसायची.

"काय झालं?" आई विचारायची.

"काही नाही. वारा सुटलाय."

"बराच वेळ सुटलाय," आई म्हणायची, आणि आत्या पदराआड खुसखुसायची.

मालिका शेवटाकडे आली तशी आत्याची सहनशक्ती संपत आली. पक्षीवाला कुणाला न सांगता बेट सोडून निघाला त्या भागात ती संतापून ताडकन उठली, "जा, जा, तुझी लायकीच ती," असं पडद्याला सुनावलं आणि तरातरा येऊन पुन्हा बसली ती नेमकी आपल्या चष्म्यावर. एक काडी तुटली, एक काच निखळली. धाकटी तो चष्मा दुरुस्तीला दुकानात घेऊन गेली.

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगवाला बसायचा. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, बसवायची आणि उजेडात धरून बघायची, हे त्याचं काम. घासणीच्या चाकावर पाण्याची धार सतत पडायची, त्यामुळे त्या खोलीत दिवसभर झऱ्याकाठी बसल्यासारखा आवाज यायचा. त्याची बोटं काचेच्या पिठाने पांढरी झालेली असायची. तो फार बोलायचा नाही. पण धाकटीने कुणाची काच आणून दिली की तो ती घासून झाल्यावर आधी स्वतःच्या डोळ्यांसमोर धरायचा, आणि त्या माणसाला जग कसं दिसत असेल ते सांगायचा. "यांना पायऱ्या वाकड्या दिसत असणार. सांभाळून उतरवा." असं.

महिन्याभरापूर्वी त्याने तिला सांगितलं होतं की तो दूरच्या एका बंदराच्या गावी स्वतःचं दुकान थाटणार आहे. मग काच पुसत पुसत म्हणाला, "तिथे डोळे तपासायला कोणी नाही."

आता याला मागणी म्हणायची की नोकरीची जाहिरात, असा प्रश्न तिऱ्हाइताला पडला असता. धाकटीला पडला नाही. तिचे कान गरम झाले. ती म्हणाली, "माझ्या आईला वाचून कोण दाखवणार?" त्यावर त्याने चाक पुन्हा फिरवायला घेतलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. तिनेही काढला नाही, घरी तर मुळीच नाही. पण त्या खोलीत जायला ती रोज काहीतरी कारण शोधायची, आणि ज्या दिवशी ते मिळत नसे तो दिवस मेला सरता सरायचा नाही. आता त्याच्या जायला आठवडा उरला होता. मालकांनी त्याच्या जागी दुसरा माणूसही बघितला होता.

त्या दुपारी ती आत्याचा चष्मा घ्यायला मागे गेली. चष्मा तयार होता. भिंगवाल्याने तो फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला, पण हात लगेच सोडला नाही.

"आजचा भाग सकाळीच आलाय," तो म्हणाला. "डबा खाताना बघितला मी. तुम्हीही आधी बघून घ्या. घरी वाचताना अडखळाल."

"तुम्ही बघता ही मालिका?"

"राग येतो म्हणून बघतो. तो पक्षीवाला एक वाक्य बोलायला एवढे भाग लावतो." त्याने चाकाकडे बघितलं. "मी लवकर बोललो असं मला वाटत होतं. पण बोललो तेही अर्धंच. मला डोळे तपासणारी नको आहे. म्हणजे हवी आहे, पण तुम्ही हव्या आहात. उत्तर नाही असलं तरी चालेल, पण द्या."

तिने तिथेच स्टुलावर बसून त्याच्या फोनवर तो भाग पाहिला. शेवटाला बोटीचा धक्का होता. पक्षीवाला बेटावर परत आला होता आणि त्याने मुलीला बरोबर चल म्हटलं होतं. बोट लागलेली, आणि तिकिटाच्या खिडकीत तिची आई. मुलगी म्हणते, मी नाही जाणार. आई खिडकी बंद करून काठी टेकत बाहेर येते आणि तिला काहीतरी सांगते. बोटीचा भोंगा वाजतो, आणि भाग संपतो. आईने जे सांगितलं ते वाचायला धाकटीने तो प्रसंग पुन्हा लावला. हे आपण घरी मोठ्याने वाचायचं, आपल्या तोंडाने, आपल्या आईला. आई मग एकच प्रश्न विचारेल, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे, हे तिला लख्ख कळलं. उत्तर जायचं आहे असंच होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

घरी जाताना रस्ताभर आत्याचा चष्मा पिशवीत तिच्या कमरेला टोचत होता.

"झाला का चष्मा?" आत्याने दारातच विचारलं.

"उद्या देतो म्हणाले."

"आज नेमका. बरं, तू वाचशीलच म्हणा."

खिडकीबाहेर संध्याकाळ उतरत होती. आई तिरक्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली. मालिका लागली, खोलीभर समुद्राचा उजेड हलायला लागला आणि धाकटी वाचायला लागली. पहिलं सगळं तिने इमानाने वाचलं. मग धक्का आला, बोट आली, खिडकी बंद झाली. काठी टेकत बाई बाहेर आली आणि बोलायला लागली. तळाशी अक्षरं उमटली.

धाकटीने वाचलं, "'तू गेलीस तर माझं कसं व्हायचं? मला कोण आहे दुसरं?'"

"बघ," आत्या म्हणाली. "शहाणी आहे बाई. मी पहिल्यापासून म्हणत होते."

भोंगा वाजला. पडदा अंधारला. शेवटचा भाग उद्या होता आणि त्यात सगळं उघडं पडणारच होतं, पण खोटं बोलणारा माणूस उद्याचा विचार करून बसला तर त्याचं खोटं बोलून व्हायचंच नाही. आजची संध्याकाळ निभावली, एवढंच धाकटीच्या मनात होतं.

आई भिंतीकडेच बघत होती. मग म्हणाली, "ती बाई रडत नव्हती."

"कोण?"

"तिची आई. माझं कसं व्हायचं म्हणणारं माणूस असं बोलत नाही. तिचा आवाज वर चढत होता. उन्हात बाहेर आल्यासारखा."

"त्यांच्याकडे तसंच बोलत असतील," धाकटी म्हणाली.

आईने खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "छान. आता तीच ओळ पुन्हा वाच बरं."

आईने हे वाक्य कुठून उचललंय हे कळायला धाकटीला वेळ लागला नाही. तिने रिमोटने प्रसंग मागे नेला. बोट, खिडकी, काठी. तिच्यासमोर खरी अक्षरं लख्ख उभी होती आणि मघाशी आपण काय बोललो ते मात्र काही केल्या आठवेना. टाय लावलेले सगळे गृहस्थ एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोरून गेले.

"'मला... मला एकटीला टाकून जाऊ नकोस,'" ती म्हणाली.

"मघाशी हे नव्हतं," आत्या सहज बोलून गेली. मग तिच्याही काहीतरी लक्षात आलं.

धाकटी उठली, पिशवीतून फडकं काढलं, ते सोडून चष्मा आत्याच्या हातात दिला आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आईच्या समोर उभं राहायची तिची छाती होईना. आत्याने एकदा चष्म्याकडे पाहिलं, एकदा भाचीकडे, आणि तिने चष्मा लावला. प्रसंग तिसऱ्यांदा लागला. आत्या रेशन दुकानातली पाटी वाचावी तशी ठणठणीत आवाजात वाचायला लागली.

"'जा. आयुष्यभर या खिडकीतून मी लोकांना जायची तिकिटं दिली. एक तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय, तू चालायला लागलीस त्या दिवसापासून. तेवढंच एक विकायचं राहिलंय. ते...'" इथे आत्या थांबली. ती चष्मा पुसायला लागली. चष्मा चांगला स्वच्छ होता.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही, तर तो करतो काय?"

धाकटीला रडू यायच्या बेतात होतं, तरी हसू आलं. "भिंगं घासतो. आमच्याच दुकानात. दूर बंदराच्या गावी चाललाय."

"कोट घालतो का?" आत्याने विचारलं.

"ॲप्रन घालतो."

"मग चालेल," आत्या म्हणाली.

"काय चालेल?" धाकटीचा आवाज एकदम चढला. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं वर आलं. "मालिकेत चालतं सगळं. तिथे बोट सुटली की गाणं लागतं. इथे मी गेले तर सकाळी तुझ्या कपात चहा कोण ओतणार? माझ्यामुळे तुझे डोळे गेले, आई. मी रोज लोकांचं खोटं पकडते आणि तुझं पकडलं नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मी आणायला हवं होतं."

आई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून वळली आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं, मुलगी तिला दिसावी म्हणून.

"ये इकडे, उजेडात," ती म्हणाली. "ओळी मी का पाठ केल्या ते तू मला कधी विचारलं नाहीस."

"घाबरली होतीस म्हणून."

"मी नाही घाबरले. तुझी थोरली बहीण लग्न होऊन गेली, बाबा गेले, आणि तू माझ्या अवतीभोवती घुटमळायला लागलीस. त्याच सुमाराला मला समोरचं पुसट व्हायला लागलं. मी म्हटलं, हिला कळलं तर ही पोरगी या घरातून बूड हलवायची नाही. म्हणून पाठ केल्या. रोज घोकत होतीस, मलाही येत होत्या. तू जावंस म्हणून मी खोटं वाचलं, आणि राहता यावं म्हणून तू आज खोटं वाचलंस. दोघी सारख्याच."

"पण तू मला फसवलंस," धाकटी म्हणाली, आणि डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच तिला आईचा खरा, सणसणीत राग आला. "वर्षानुवर्षं. मी तुला खुर्चीत बसवायचे आणि शाबासकी द्यायचे. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटायचं तर. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं." आई म्हणाली. "रागव माझ्यावर. हक्काने रागव. पण चोरी मी केली, आणि ती पकडता आली नाही म्हणून पोलिसाने जन्मभर घरी बसायचं, हे कुठलं शहाणपण?"

धाकटी रागावली. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी नको इतक्या जोरात घासली. आईने तिला घासू दिली. काही वेळाने मागून आत्या आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "मी खाली राहायला येईन म्हणते. तसंही माझे गुडघे जिन्याला कंटाळलेत. फक्त तुझ्या आईला सांगून ठेव, मी वाचणार ते माझ्या पद्धतीने. मध्ये मध्ये माझं मत येणार."

"ते आम्हाला आवाजावरून वेगळं काढता येईल," आई बाहेरून म्हणाली. तिचे कान शाबूत होते.

दुसऱ्या संध्याकाळी शेवटचा भाग आत्याने वाचला. पक्षीवाल्याचं एक वाक्य वाचायचं, मग दोन वाक्यं त्याला शिव्या घालायच्या, मग "अरे, गेलं वाटतं पुढचं," म्हणायचं. धाकटी जमिनीवर आईच्या पायाशी बसली होती. इतके दिवस तिची नजर पडद्याच्या तळाशी खिळलेली असायची. आज काही वाचायचं नव्हतं, म्हणून तिने वर पाहिलं. त्या मुलीला हसताना गालावर एका बाजूलाच खळी पडते, हे तिला आज कळलं. पक्षीवाल्याचे डोळे केसांआडून सारखे काहीतरी विचारत होते. बोट निघाली, धक्का लहान लहान होत गेला, आणि मुलगी हसतेय की रडतेय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"हा काय शेवट झाला?" आत्या फणकारली. "आई एकटी राहिली ती राहिलीच की. त्याचं कोणाला काही नाही."

"मला आवडला," आई म्हणाली.

धाकटीला तो आवडला आणि आवडलाही नाही. शेवटच्या चित्रात फक्त समुद्र होता. तिकिटाची खिडकी त्यांनी पुन्हा दाखवलीच नाही, आणि तिला तीच पाहायची होती.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तिने मागच्या खोलीत जाऊन उत्तर दिलं. भिंगवाल्याने चाक बंद केलं, आणि पाण्याची धार मात्र बंद करायची विसरला.

पुढचं सगळं भराभर झालं. तो ठरल्या दिवशी जायच्या आधी घरी येऊन गेला. आईने त्याला भिंगांबद्दल इतकं विचारलं की त्याला बोलावंच लागलं. ती भिंतीकडे बघत ऐकत होती आणि तो बिचारा मध्येच थांबून धाकटीकडे बघायचा, आपलं काही चुकतंय का म्हणून. तो गेल्यावर आई म्हणाली, "आवाजात घाई नाही." आत्याने मान हलवली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो परत आला, लग्नाच्या कचेरीत सह्या झाल्या, आणि निघायची सकाळ उजाडली.

थंडी होती. रस्त्यावर पातळ धुकं उतरलेलं होतं, आणि समोरची घरं नुसत्या कडांनी उभी असल्यासारखी दिसत होती. आईला रोज असंच दिसत असेल, असं धाकटीला वाटून गेलं. गाडी दाराशी लागली. त्यातून भिंगवाला उतरला, आणि आत्याने कपाळाला हात लावला. त्याने गुडघ्यापर्यंत लांब कोट घातला होता.

"थंडी आहे," तो ओशाळून म्हणाला.

"असू दे. बोलत जा म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

सामान ठेवून झालं. आई आत्याच्या दंडाला धरून पायरीवर उभी होती. धाकटीने तिला मिठी मारली. आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तिला हलकेच पुढे ढकललं. गाडीपर्यंत जायला तिचा पाय निघेना. दाराशी पोचून तिने मागे वळून पाहिलं. आईने तिच्याकडून तोंड फिरवलं होतं आणि शेजारच्या बंद फाटकाकडे ती एकटक बघत होती.

भिंगवाल्याचा चेहरा उतरला. "आई रागावल्या का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "मला बघतेय."

आणि आईला पोटभर बघता यावं म्हणून ती गाडीत न बसता, चेहऱ्यावरचे केस मागे सारून, उजेड होता त्या बाजूला तशीच उभी राहिली.